समलिंगी लग्नावर घरात, मंडळात, चर्चच्या पॅरिशमध्ये वाद होतोय? देव मानणाऱ्यांनी तो नीट कसा घालायचा

हे देव मानणाऱ्या माणसांसाठी लिहितेय. ज्यांना धर्मच नको त्यांना हा प्रश्न सोपा जातो, पण आपल्यातले कितीतरी जण एकादशी करतात, रविवारची मिस्सा चुकवत नाहीत, रोजे ठेवतात, आणि त्याच घरात एखादा पुतण्या सांगतो की मला मुलीशी लग्न करायचं नाहीये, मला तो आवडतो, आणि मग जेवता जेवता जो वाद पेटतो तो "तुला धर्म कळत नाही" आणि "तुम्ही जुनाट आहात" इथे येऊन अडकतो, त्याच्या पुढे जातच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे कुणाला फसवल्यासारखं वाटायला नको. मी रोज पूजा करते, देवावर माझा पूर्ण विश्वास आहे, आणि दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना कायद्याने लग्न करता यायला हवं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही विरोधात असाल तरी वाचा, वाद घालायची रीत दोन्हीकडच्यांना लागते.

आधी कायदा आज कुठे आहे ते सगळ्यांनी ऐकून घ्या

हे केल्याशिवाय वादाला सुरुवातच करू नका. काहींना वाटतं हा अजून गुन्हाच आहे, काहींना वाटतं २०१८ मध्ये लग्नाला परवानगी मिळाली, आणि दोघंही जोरात बोलत असतात. तर थोडक्यात असं आहे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ हे इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टाने सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते बाजूला केलं, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत आणलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने ठरवलं की दोन सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध हा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही.

लग्नाचं मात्र वेगळं झालं. एप्रिल-मे २०२३ मध्ये घटनापीठासमोर दहा दिवस सुनावणी झाली आणि १७ ऑक्टोबर २०२३ ला निकाल आला. लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही आणि विशेष विवाह कायद्यात शब्द घालून आम्ही तो बदलू शकत नाही, यावर पाचही न्यायमूर्ती एकत्र होते. अशा जोडप्यांच्या नात्याला लग्नाशिवाय तरी मान्यता द्यायची का आणि त्यांना मूल दत्तक घेता यावं का, यावर तीन विरुद्ध दोन झालं, चंद्रचूड आणि कौल हो म्हणाले, भट, कोहली आणि नरसिंहा नाही म्हणाले. ट्रान्स व्यक्तीने स्त्री-पुरुष नात्यात केलेलं लग्न आजच्या कायद्यात बसतं हे मात्र सगळ्यांनी मान्य केलं. फेरविचाराच्या याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या.

म्हणजे कोर्टाने सांगितलं की हे काम संसदेचं. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल २०२२ मध्ये विशेष विवाह कायदा बदलण्याचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, ते तिथेच राहिलं. आणि खासदार कुणाचं ऐकतो, मतदारांचं, आणि आपल्याकडे मतदार म्हणजे बहुतेक देव मानणारी माणसंच. म्हणून मला वाटतं तुमच्या भजनी मंडळात किंवा पॅरिश कौन्सिलमध्ये यावर काय बोललं जातं याला खरंच महत्त्व आहे, हा टाइमपासचा विषय नाहीये.

तीन प्रश्न वेगळे करा, अगदी कागदावर लिहून

सगळा गोंधळ इथेच होतो. एक प्रश्न, मी स्वतः कसं वागावं. दुसरा, माझ्या धर्मातला लग्नाचा विधी कुणाला मिळावा. तिसरा, सरकारी रजिस्टरमध्ये कुणाची नोंद व्हावी. वादात माणूस पहिल्या प्रश्नावर बोलायला लागतो आणि तिसऱ्याचं उत्तर देऊन मोकळा होतो, "मला हे पटत नाही म्हणून कायदा नको", आणि समोरचाही तसंच उलट करतो, "कायद्याने गुन्हा नाही म्हणून तुमच्या धर्मालाही मान्य करावं लागेल". दोन्ही उड्याच आहेत. कुणी उडी मारली की तिथेच थांबवा आणि विचारा, काका, तुम्ही आत्ता कितव्या प्रश्नावर बोलताय?

मोठमोठ्या धार्मिक माणसांनीही हे प्रश्न वेगळे ठेवलेत. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३७७ परत आणलं तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी सांगितलं होतं की चर्च समलिंगी लग्नाच्या विरोधात आहे पण या लोकांना चर्चने कधी गुन्हेगार मानलेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस एका मुलाखतीत म्हणाले की समलिंगी असणं हा गुन्हा नाही, कुणी म्हणेल पाप आहे, ठीक, पण आधी पाप आणि गुन्हा यातला फरक करा. लग्नाबद्दलची चर्चची शिकवण त्यांनी बदलली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनने अशा जोडप्यांना साधा आशीर्वाद द्यायला परवानगी दिली तेव्हाही स्पष्ट लिहिलं की हा लग्नाचा विधी नाही आणि तसा दिसताही कामा नये.

जानेवारी २०२३ मध्येच सरसंघचालक मोहन भागवत यांनी महाभारतातल्या जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन सांगितलं की असे लोक कायमच आहेत आणि त्यांना जगण्याचा हक्क आहे, आणि मार्चमध्ये संघाचेच दत्तात्रेय होसबाळे म्हणाले की लग्न हा संस्कार आहे आणि तो स्त्री-पुरुषांतच होतो. जमियत उलेमा-ए-हिंद या मुस्लिम धर्मगुरूंच्या संघटनेने तर कोर्टात जाऊन विरोध केला. यातलं सगळं मला पटतं असं अजिबात नाही, पण "धर्म एकच गोष्ट सांगतो" असं कुणी म्हणालं तर ही उदाहरणं हाताशी असू द्या.

पाप आणि गुन्हा वेगळे हे अजून एका उदाहरणाने पटकन कळतं. विवाहबाह्य संबंध चांगले असं आपल्या कुठल्याच धर्मात नाही. तरी २७ सप्टेंबर २०१८ ला, म्हणजे ३७७ नंतर तीनच आठवड्यांनी, सुप्रीम कोर्टाने कलम ४९७ रद्द केलं. त्यानंतर कुठल्या बुवांनी कीर्तनात व्यभिचाराला पुण्य म्हटलं नाही, आणि कुठल्या सरकारने त्यांना तसं म्हणायला लावलंही नाही.

इथे विरोधातला शहाणा माणूस एक बरोबर मुद्दा काढेल, की गुन्हा नसणं वेगळं आणि सरकारने शिक्का मारून मान्यता देणं वेगळं. हा मुद्दा उडवून लावू नका, खरा आहे तो. याला माझ्याकडे उत्तर आहे ते घटस्फोटाचं. कॅथलिक चर्च घटस्फोट मानत नाही, पण आपल्या देशात ख्रिस्ती माणसाला १८६९ च्या कायद्याने कोर्टातून घटस्फोट मिळतो, आणि उलट चर्चच्या न्यायालयाने लग्न रद्दबातल ठरवलं तरी कायद्याच्या नजरेत ते लग्न तसंच राहतं, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये आणि परत २०१७ मध्ये हे सांगितलंय. म्हणजे चर्चचं रजिस्टर आणि सरकारचं रजिस्टर आत्ताही जुळत नाही, आणि वसईतला श्रद्धाळू कॅथलिक माणूस दोन्ही सांभाळून व्यवस्थित जगतोय.

कुठलं लग्न, ते विचारा

"लग्न" म्हटलं की आजीच्या डोळ्यासमोर अंतरपाट येतो, फादरच्या समोर वेदी, आणि वकिलासमोर फॉर्म. आपल्याकडे हिंदू विवाह कायदा १९५५ चा, त्यात सप्तपदीचा उल्लेख आहे, आणि विशेष विवाह कायदा १९५४ चा, ज्याला आपण रजिस्टर लग्न म्हणतो, तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, सह्या, झालं. त्यात भटजीही नाही आणि काझीही नाही. कोर्टात मुख्य मागणी होती ती या रजिस्टर लग्नाची (काही याचिकांत हिंदू विवाह कायदाही होता, ते लपवू नका, समोरच्याला नंतर कळलं तर तुमच्यावरचा विश्वास जातो).

मग भीती निघते की उद्या गुरुजींना जबरदस्तीने मंगलाष्टकं म्हणायला लावतील, फादरवर केस टाकतील. या भीतीला हसू नका, तिला उत्तर द्या. घटनेच्या २५ आणि २६ कलमांत धर्म पाळायचं आणि धर्माचा कारभार चालवायचं स्वातंत्र्य आहे. आजही वेगळ्या धर्मातल्या जोडप्याचं लग्न लावायला कुणी गुरुजींना सक्ती करू शकत नाही, तेच जोडपं रजिस्टर लग्न करतं. इंग्लंडमध्ये २०१३ चा कायदा झाला तेव्हा धर्मसंस्थांना नको असेल तर कुणीही सक्ती करू शकत नाही अशी तरतूद त्यातच घातली, आणि चर्च ऑफ इंग्लंडला तर आजही अशी लग्नं लावता येत नाहीत. तुम्ही विरोधात असाल तर "कायदा नको" म्हणण्याऐवजी "कायदा झाला तर अशी तरतूद त्यात लेखी हवी" असं मागा, ही मागणी मला एकदम योग्य वाटते आणि ती मान्य करायला माझ्या बाजूच्यांनी कुरकुर करू नये.

समोरच्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा तुम्ही मांडा

ही युक्ती नाही, खरंच करून बघा. लग्नाच्या बाजूचा असेल त्याने आधी विरोधाचं म्हणणं असं मांडायचं की विरोधक म्हणेल, हो, मला हेच म्हणायचंय. आणि मग उलट.

विरोधातला भक्कम मुद्दा मला वाटतो तो असा: लग्न हा दोघांच्या आवडीचा मामला नाही, तो वंश पुढे नेण्याचा संस्कार आहे, पितृऋण आहे, मुलांना आई आणि बाप दोन्ही मिळावेत म्हणून पिढ्यान्पिढ्या उभी केलेली व्यवस्था आहे, ती एका निकालाने हलवू नये. यात तथ्य आहे, मी हे वरवर म्हणत नाहीये, लग्नाला आवडीपेक्षा मोठं काहीतरी मानणारी माणसं मला आवडतात. पण मग मी विचारते की कायदा आज कुणाला मूल होईल का असं विचारतो का? साठीतले विधुर आणि विधवा रजिस्टर लग्न करतात, त्यांच्याकडे कुणी सर्टिफिकेट मागत नाही, आणि देवळात आशीर्वादालाही कुणी अडवत नाही. म्हणजे एकमेकांना आजारपणात सांभाळायचं, म्हातारपणी सोबत करायची, हे सुद्धा लग्नाचं काम आहे असं आपण आधीच मानलंय.

"उद्या भाऊ-बहीण लग्न मागतील" याला फार वेळ देऊ नका. विशेष विवाह कायद्यात जवळच्या नात्यांची यादी आहे, ती तशीच राहते.

पोथ्या काढायच्या असतील तर पूर्ण काढा

एकाने मनुस्मृती काढली की दुसरा शिखंडी आणि बृहन्नडा काढतो, आणि खजुराहो तर येतंच. मनुस्मृतीत पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवल्यास अंगावरच्या वस्त्रांसकट स्नान करायचं प्रायश्चित्त आहे, त्याच श्लोकात दिवसा किंवा पाण्यात स्त्रीशी संबंध ठेवणाराही बसवलाय, आणि मुलीला बिघडवणाऱ्या बाईला मात्र बोटं तोडण्यापर्यंतची शिक्षा दुसरीकडे आहे. सोयीचा श्लोक घेऊन उरलेला झाकायचा नाही, हा नियम दोघांनाही. आणि आपल्या बाजूच्यांनाही सांगते, शिल्पात काहीतरी कोरलंय म्हणून ते लग्न ठरत नाही, आणि पुराणातली गोष्ट म्हणजे कायद्याचं कलम नव्हे. ख्रिस्ती घरात बायबलमधलं लेवीय आणि रोमकरांस पत्र निघेल, तिथे कॅथलिक कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचा ग्रंथही काढा, त्यात असे संबंध चूक म्हटलेत आणि पुढच्याच परिच्छेदात या माणसांना आदराने, करुणेने वागवा, अन्यायाने भेदभाव करू नका असंही म्हटलंय. पहिलं वाचून दुसरं न वाचणं म्हणजे अर्धीच शिकवण पाळणं.

मला विचाराल तर मराठी माणसाला पोथीपेक्षा आपलाच इतिहास जास्त उपयोगी आहे. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. तेव्हाही म्हणत होते की धर्म बुडेल, शास्त्रात नाही, आणि शास्त्रात आहे असं म्हणणारेही शास्त्रच दाखवत होते. कायदा होऊन सदतीस वर्षं झाल्यावर, १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं तर मुरुडला त्यांच्यावर बहिष्कार पडला. यातनं दोन गोष्टी दिसतात. कायद्याने कुणालाही जबरदस्तीने विधवेशी लग्न करायला लावलं नाही, ज्यांना नको होतं त्यांनी केलं नाही. आणि कायदा झाला म्हणून समाज लगेच बदलला असंही नाही, ते काम घराघरात, बोलून बोलूनच झालं. त्याआधी १८७३ मध्ये जोतिबांनी भटजीशिवाय सत्यशोधक लग्नं लावायला सुरुवात केली होती, त्यावरही वाद झालेच की. आणि १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर "समाजस्वास्थ्य" मासिकातल्या लैंगिक प्रश्नोत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. आंबेडकरांनी. हे सगळं आपल्याच मातीत झालंय, "हे परदेशी फॅड आहे" म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगा. परदेशाचंच बघायचं तर नेपाळमध्ये नोव्हेंबर २०२३ ला अशा लग्नाची पहिली नोंद झाली आणि थायलंडमध्ये जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला, एक हिंदूबहुल देश आणि एक बौद्धबहुल.

खोलीत तो माणूस बसलाय असं धरूनच बोला

कारण बहुतेक वेळा तो असतोच. कीर्तनाला टाळ धरून उभा असलेला, चर्चच्या क्वायरमध्ये गाणारा, कुणालाच काही न सांगितलेला. तुमचं एक वाक्य तो पुढची दहा वर्षं लक्षात ठेवणार आहे, म्हणून विरोध करायचा तर असा करा: "माझ्या श्रद्धेप्रमाणे लग्न स्त्री-पुरुषाचंच, पण तू माझ्या घरचा आहेस आणि जेवायला यायचंस." हे म्हणता येतं, म्हणणारी माणसं मी बघितलीत. "असल्यांना" हा शब्द वापरायचा नाही. कुणाचं नाव घेऊन "तो पण तसाच आहे ना" असं तर कधीच नाही.

"आजार आहे, डॉक्टरकडे न्या" हे निघालं तर तिथे मतभेदाला जागाच नाही, सरळ थांबवा. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच आजारांच्या यादीतून हे काढलंय, आणि मद्रास हायकोर्टाच्या आदेशानंतर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने असे "बदलण्याचे" उपचार करणं हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवलाय. बाबा-बुवांकडे नेऊन उतरवून घेणं हेही तसलंच, पोरं त्यात मोडून पडतात.

तरुणांनाही एक सांगायचंय. आजीला "बुरसटलेली" म्हणून काही होत नाही. तिला विचारा, "आजी, तुझ्या ओळखीत कुणी होतं का गं लग्न न केलेलं, मैत्रिणीसोबतच राहिलेलं?" आणि मग गप्प बसा, तिला आठवू द्या, बोलू द्या. मामांशी बोलायचं तर सगळ्यांसमोर नको, दुसऱ्या दिवशी फोन करून, "मामा, काल तुम्ही म्हणालात ते मी ऐकलं, पण मला एवढंच विचारायचंय की तो आजारी पडला तर सही कुणी करायची?" आईबापांना दुसऱ्या आईबापांशी बोलायला द्या, "स्वीकार" नावाचा पालकांचा गट आहे, त्यातल्या चारशेहून जास्त पालकांनी एप्रिल २०२३ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं होतं, त्यात देवधर्म करणारी घरंही आहेत. पुण्यात समपथिक ट्रस्टने आणि मुंबईत हमसफर ट्रस्टने यावर वर्षानुवर्षं काम केलंय.

मग रोजच्या गोष्टींवर या

तत्त्वावर एकमत होणार नाहीये, एका संध्याकाळी तर नाहीच. पण या गोष्टींवर होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की अशा जोडीदारांना जॉइंट खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काही आडकाठी नाही. रेशन कार्डासाठी एकाच घरातले धरावं असं राज्यांना कळवलंय, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा असं आरोग्य मंत्रालयाने कळवलंय. मंडळात विचारा, याला कुणाचा विरोध आहे? बहुतेक हात खालीच राहतात, आणि वातावरण बदलतं.

जे कागदाने होत नाही तेही सांगा. जोडप्याने मिळून दत्तक घेता येत नाही, आणि सरकारी दत्तक यंत्रणेतून एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक मिळत नाही. नवऱ्याने बायकोला दिलेल्या भेटीवर इन्कम टॅक्स नसतो, यांना ती सूट नाही, त्यावर मुंबई हायकोर्टात याचिका झालीये. फॅमिली पेन्शन नाही. मृत्युपत्र नसेल तर वारसाहक्क नाही, वीस वर्षं एकत्र राहिले तरी घर रक्ताच्या नातेवाइकांकडे जातं.

म्हणून तुमच्या घरात असं जोडपं असेल आणि तुमचं लग्नावर पटत नसेल तरी निदान हे करायला त्यांच्यासोबत जा: दोघांचं वेगवेगळं मृत्युपत्र, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी, साक्षीदार असे ज्यांना त्यातून काही मिळणार नाहीये. बँक, पीएफ, सोसायटी सगळीकडे नॉमिनेशन तपासा, पण नॉमिनी म्हणजे मालक नाही, म्हणून मृत्युपत्र लागतंच. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे आपला प्रतिनिधी म्हणून कुठलाही सज्ञान माणूस लिहून देता येतो, नात्यातलाच हवा असं नाही. हॉस्पिटलसाठी जोडीदाराच्या नावाचं पत्र करून ठेवा, आणि त्यावर घरातलं एखादं मोठं माणूस, काका असो की मावशी, "आमची हरकत नाही" म्हणून सही करायला तयार असेल तर रात्री दोन वाजता ॲडमिशनच्या काउंटरवर ती सही फार कामाला येते.